पाऊस संपला, कडक ऊन पडलं आणि एसीच्या खोलीतली ओल उलट वाढली, असं का होतं?

पश्चिमभिंत

नमस्कार मंडळी. ठाण्याला घोडबंदर रोडच्या बाजूला राहतो, बिल्डिंग वीसेक वर्षं जुनी आहे, आरसीसी फ्रेम आणि बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या, दोन्हीकडून सिमेंटचं प्लास्टर. बेडरूमची पश्चिमेची भिंत पूर्ण बाहेरची, दुपारी तीननंतर थेट ऊन. आधीच्या मालकांनी त्या भिंतीला आतून जाड व्हिनाइल वॉलपेपर लावून घेतलेला, दिसायला छान होता म्हणून आम्ही तसाच ठेवला.

आता गंमत बघा, सगळ्या पावसाळ्यात त्या भिंतीला विशेष काही झालं नाही, थोडा कुबट वास यायचा तेवढाच. पाऊस थांबला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, आणि मग वॉलपेपरला फुगे आले, एका कोपऱ्यात सोडवून बघितलं तर मागे काळे-गुलाबी डाग आणि प्लास्टर हाताला चक्क ओलं. रात्री एसी २२ वर असतो. सोसायटीने बाहेरून मागच्या वर्षी वॉटरप्रूफचा जाड रबरासारखा रंग मारलाय, पण छज्जाच्या वर आणि खिडकीच्या कडेला बारीक तडे आहेत, तिथून पावसाचं पाणी आत जात असणार हे मला दिसतंय.

जो तो सांगतो ऊन लागू दे, भिंत आपोआप सुकेल. मलाही तेच वाटायचं, तापमान वाढलं की ओल पटापट बाहेर पडणार. मग उन्हाळ्यासारखं ऊन असताना ओल *आत* का वाढली? तापमानाचा भिंतीतून ओल सरकण्यावर नेमका काय परिणाम होतो, कुणी नीट आकडे देऊन समजावेल का? नुसतं "लीकेज शोधा" नको, ते शोधतोच आहे.

गिलावा

सिव्हिलमध्ये आहे, जुन्या बिल्डिंगच्या दुरुस्त्या हेच काम. तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण ऑक्टोबरमध्ये अशा तक्रारी दरवर्षी येतात आणि बहुतेक लोक "पावसाचं पाणी उशिरा झिरपलं" म्हणून सोडून देतात.

ऊन भिंत सुकवतं हे खरं आहे पण ऊन ओलीला दिशा देतं, आणि ती दिशा नेहमी बाहेरचीच असेल असं नाही, मुद्दा सगळा तिथे आहे. ओल वाफेच्या रूपात भिंतीतून सरकते ती बाष्पदाबाच्या फरकावर, जिकडे दाब जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे. आणि बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. हवा पूर्ण संपृक्त, म्हणजे मावेल तेवढ्या वाफेने भरलेली असताना २० अंशाला दाब साधारण २३४० पास्कल, ३० ला ४२४०, ४० ला ७३८०, ४५ ला ९५९० च्या आसपास. म्हणजे दर दहा अंशाला जवळजवळ पावणेदोन पट.

आता तुमची खोली घ्या. पावसाळ्यातली रात्र, बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे दाब ३६०० पास्कल. आत २२ अंश, ५५ टक्के, म्हणजे १४५० च्या आसपास. फरक २१५०. हा फरक वाफेला बाहेरून आत ढकलतोय, रात्रभर. नऊ इंची वीट आणि दोन्हीकडचं प्लास्टर मिळून वाफेला जो अडथळा होतो तो साधारण तीन मीटर स्थिर हवेच्या थराएवढा धरा (विटेचा अडथळा हवेच्या दहापट, प्लास्टरचा त्याहून जास्त, असा हिशोब). त्यावरून दर चौरस मीटरला दिवसाला बाराएक ग्रॅम पाणी आत येतं. दहा चौरस मीटर भिंतीला सव्वाशे ग्रॅम. अर्ध्या ग्लासाच्या आसपास. भिंत उघडी असती तर हे पाणी खोलीत आलं असतं आणि एसीच्या ड्रेन पाइपने गेलं असतं, तुम्हाला कळलंही नसतं.

पण आत व्हिनाइल आहे. व्हिनाइल वाफ जवळजवळ अडवतो. आणि तो बसलाय भिंतीच्या सगळ्यात थंड पृष्ठभागावर, तिथे तापमान २३ च्या आसपास, त्या तापमानाला हवा फार तर २८०० पास्कल धरू शकते. बाहेरून येणारा दाब ३६००. म्हणजे वाफ त्या वॉलपेपरच्या पाठीशी पोचणार, पुढे जायला रस्ता नाही, आणि तिथेच पाणी होणार. बाहेरच्या त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २७ अंश आहे, तुमची भिंत आतून त्याच्या खाली, यातून सुटका नाही. पावसाळ्यातला कुबट वास तो हाच.

आता ऑक्टोबर. तड्यांतून पाणी गेलेलं, भिंतीचा बाहेरचा भाग ओला. दुपारी पश्चिमेचं ऊन, तो भाग ४५ अंशाला जातो. ओल्या विटेच्या छिद्रातली हवा संपृक्तच असते, म्हणजे दाब ९५९० पास्कल. आत १४५०. फरक ८१०० च्या वर, पावसाळ्यातल्या रात्रीपेक्षा पावणेचार पट. शिवाय पाणी आता भिंतीच्या पोटातच आहे, त्यामुळे त्याला अख्खी भिंत पार करायची नाही, अंतरही कमी. बाहेरच्या हवेत दाब तेव्हा तीन हजाराच्या आसपास असतो म्हणजे बाहेर जायलाही जोर आहेच, उघड्या प्लास्टरची भिंत असती तर बहुतेक पाणी बाहेरच गेलं असतं कारण तो रस्ता जवळचा. तुमच्याकडे तिथे रबरी रंग आहे. तड्यातून पाणी द्रवरूपात आत घेतो आणि वाफरूपात बाहेर सोडताना अडवतो, ही सगळ्यात वाईट जोडी.

अजून एक, नऊ इंची विटेतून उष्णता आरपार यायला साधारण सहा-सात तास लागतात. म्हणजे चार वाजताचं ऊन रात्री दहा-अकराला आतल्या बाजूला पोचतं, तोवर भिंतीच्या मधला भाग गरमच, आणि नेमका तेव्हा तुमचा एसी जोरात. एका बाजूने गरम ओली वीट आणि दुसऱ्या बाजूने थंड व्हिनाइल, वाफेला दुसरं काही करायला जागाच नाही.

डोंबिवलीचीताई

गिलावा, एक शंका. एसी तर हवा कोरडी करतो ना? मग २२ च्या ऐवजी १८ ला लावला तर अजून कोरडं होईल आणि भिंत लवकर सुकेल असं आमच्या एसीवाल्याने सांगितलं होतं. आमच्याकडे पण एका भिंतीला असेच डाग आहेत.

गिलावा

ताई, नको. खोलीतली हवा कोरडी होईल हे खरं, पण भिंतीचा आतला पृष्ठभाग अजून थंड होईल, आणि वॉलपेपर किंवा ऑइल पेंट असेल तर त्याच्या मागे पाणी जमणं वाढेल, कमी नाही होणार. २५-२६ वर ठेवा आणि फॅन लावा. २६ ला पृष्ठभाग २६.५ च्या आसपास राहतो, म्हणजे दवबिंदूच्या जवळपास येतो, पुष्कळ फरक पडतो. एसी मोठ्या टनाचा घेतला तर तो खोली पटकन गार करून बंद पडतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, ही वेगळीच भानगड.

रेझिनआणिकाच

मी पुण्यात एफआरपीच्या (काचतंतू घातलेलं रेझिन) वस्तू करणाऱ्या ठिकाणी टेस्टिंगला आहे, भिंतींचा माणूस नाही, पण "तापमान वाढलं की ओल किती वेगाने सरकते" हा आमचा रोजचा प्रश्न म्हणून लिहितो. यात लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे ढकलणारा जोर, तो गिलावा यांनी सांगितला. दुसरी म्हणजे पदार्थ किती सहज वाट देतो, म्हणजे विसरण गुणांक, डिफ्युजन कोइफिशिएंट. तापमानाने दोन्ही बदलतात पण प्रत्येक पदार्थात वेगवेगळ्या प्रमाणात.

फिकने १८५५ मध्ये जो नियम मांडला तो अजूनही पाया आहे, प्रवाह हा फरकाच्या प्रमाणात. आता वीट, प्लास्टर, ग्लासवूल यांच्यात छिद्रं मोठी आणि एकमेकांना जोडलेली असतात, वाफ त्यातल्या हवेतूनच सरकते. हवेत वाफेचा विसरण गुणांक तापमानाने फारसा बदलत नाही, दहा अंशाला जेमतेम सहा टक्के. म्हणजे विटेच्या भिंतीत "वाट" जवळजवळ तेवढीच राहते, सगळा खेळ जोराचा, बाष्पदाबाचा. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हाने तुमच्या विटेचा गुणांक बदलला असं समजू नका, तो होता तिथेच आहे.

इपॉक्सी, पॉलिएस्टर अशा रेझिनमध्ये उलट आहे. तिथे पाण्याचा रेणू छिद्रातून जात नाही, पॉलिमरच्या साखळ्यांच्या मधून उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीला ऊर्जा लागते. त्यामुळे गुणांक आऱ्हेनियसच्या नियमाने, म्हणजे तापमानाबरोबर पटीत चढतो, नेहमीच्या इपॉक्सीला दहा-बारा अंशाला जवळपास दुप्पट. आम्ही नमुने ७० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला ठेवतो ते याचसाठी, २५ अंशाच्या तुलनेत तिथे ओल साधारण दहापट वेगाने आत जाते, नाहीतर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा नेहमीच्या तापमानाला ओलीने भरायला महिनेच्या महिने लागतात. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट, हे पण ध्यानात ठेवा, भिंतीलाही लागू आहे.

पण एक महत्त्वाचं, आणि हे नवीन मुलांना मी कायम सांगतो. तापमानाने ठरतो तो वेग. शेवटी किती पाणी शोषलं जाणार ते मुख्यतः आर्द्रतेवर ठरतं, तापमानावर नाही. ७० अंशाला ठेवा की ३० ला, ८५ टक्के आर्द्रता असेल तर शेवटचा आकडा बराचसा तोच, फक्त एक लवकर गाठतो आणि दुसरा उशिरा.

लाकडाचं पण असंच. पावसाळ्यात दरवाजे फुगून अडकतात तो प्रकार. २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला लाकूड साधारण १२ टक्के ओल धरून बसतं, आर्द्रता नव्वदीला गेली की वीसच्या आसपास. तापमान वाढलं तर तीच आर्द्रता असताना ओल उलट थोडी कमीच धरतं. पण लाकडाच्या पेशीभित्तीतून ओल सरकण्याचा वेग तापमानाने चांगलाच वाढतो, म्हणूनच सॉ मिलवाले भट्टीत सुकवतात. आणि भट्टीतही सुरुवातीला आर्द्रता मुद्दाम जास्त ठेवतात, कारण बाहेरचा थर आधी कोरडा पडला तर लाकूड तडकतं.

काँक्रीट हे वीट आणि रेझिन यांच्या मधलं. मोठ्या छिद्रांत वाफ, अगदी बारीक छिद्रांत भिंतीला चिकटलेल्या पाण्याचा थर, तो थर सरकायला ऊर्जा लागते म्हणून तिथे तापमानाचा परिणाम विटेपेक्षा जास्त. आणि चोषण म्हणजे द्रवपाणी ओढून घेणं, ते पण गरमीत वाढतं कारण पाणी पातळ होतं, २० अंशाला जी विष्यंदता (दाटपणा) १ असते ती ४० ला ०.६५ होते. हिशोब केला तर चोषणाचा वेग साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. बाष्पदाबाच्या तिप्पट वाढीपुढे हे काहीच नाही पण आहे.

पश्चिमभिंत

वा, दोघांनी डोळे उघडले. म्हणजे विटेने वाट बदलली नाही, जोर बदलला. हे कुणी असं सांगितलंच नव्हतं.

अजून एक विचारतो. आमच्या बहिणीचा फ्लॅट त्याच रस्त्यावर नवीन टॉवरमध्ये आहे, तिथे विटा नाहीतच, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, मायवान म्हणतात ती पद्धत. तिच्याकडे बाहेरच्या भिंती कोरड्या आहेत. पण शेजारच्यांची बेडरूम आणि हिची सामानाची खोली यांच्या मधली भिंत आहे तिला हिच्या बाजूने, कपाटामागे बुरशी आली. शेजारी एसी लावतात, ही त्या खोलीत लावत नाही. प्लंबरने दोनदा पाइप तपासले, काही गळत नाही. काँक्रीटमधून ओल आरपार येतेय का?

गिलावा

आरपार येत नाहीये. काँक्रीट वाफेला विटेपेक्षा दहापट तरी जास्त अडवतं, १६० मिलिमीटरची चांगली ओतलेली भिंत म्हणजे वाफेच्या हिशोबाने पंधराएक मीटर हवा. आणि शेजाऱ्यांची खोली थंड, म्हणजे बाष्पदाब त्यांच्याकडे कमी, वाफ सरकलीच तर बहिणीकडून त्यांच्याकडे जाईल. ओल बहिणीच्या खोलीतल्याच हवेतून भिंतीवर बसतेय.

काँक्रीट ओल अडवतं पण उष्णता सहज जाऊ देतं. बहिणीची खोली ३० अंश ८५ टक्के, शेजारी २२ अंश. मोकळ्या भिंतीचा हिशोब केला तर बहिणीच्या बाजूचा पृष्ठभाग २७ अंशाला येतो, आणि त्या हवेचा दवबिंदूही २७. म्हणजे काठावर. नऊ इंची वीट असती तर तोच पृष्ठभाग २८ च्या वर राहिला असता. आता भिंतीला चिकटून कपाट लावा, मागे हवा फिरत नाही, खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही, तर तिथलं तापमान २५ पर्यंत उतरतं. दवबिंदूच्या दोन अंश खाली. कपाटामागेच बुरशी येते ती याने. बुरशीला प्रत्यक्ष पाणी लागतच नाही, पृष्ठभागाजवळची आर्द्रता बरेच दिवस ऐंशीच्या वर राहिली तरी पुरतं.

कपाट तीन-चार इंच पुढे ओढायला सांगा, खाली आणि वर हवा जायला फट ठेवा. शेजाऱ्यांशी बोलून एसी २५ च्या वर ठेवता आला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. शेजाऱ्यांना यात दोष देऊ नका, त्यांच्या बाजूला काही दिसतच नाही त्यामुळे त्यांना कळणारही नाही. पुट्टी आणि रंग काढून पुन्हा मारून काही होणार नाही, प्लंबरला तर बोलावूच नका.

एडमंटनकर

कॅनडात एडमंटनला घरं बांधणाऱ्यांबरोबर काम करतो, मूळचा कल्याणचा. हा धागा वाचून राहवलं नाही.

इथे लाकडी फ्रेमची घरं, आणि नियम असा की जिप्सम बोर्डच्या लगेच मागे, म्हणजे *आतल्या* बाजूला, पॉलिथिनचा कागद लावायचाच. कारण जानेवारीत बाहेर उणे २०, आत २१. आतली ओलसर ऊबदार हवा भिंतीत शिरली तर बाहेरच्या थंड प्लायपाशी जाऊन गोठते, वसंतात वितळते आणि लाकूड कुजतं. म्हणून ओलीला ऊबदार बाजूलाच अडवायचं. तुमच्याकडे ऊबदार बाजू बाहेरची. ठाण्यात आतून प्लास्टिक किंवा व्हिनाइल लावणं म्हणजे आमच्याकडे कुणी बाहेरून लावण्यासारखं आहे, अडथळा थंड बाजूला गेला.

मी मुद्दाम हिशोब करून बघितला. आमच्या कडक थंडीत आत २१ अंश, ३३ टक्के आर्द्रता, दाब ८२० पास्कल. बाहेर उणे २० ला जेमतेम ८०. फरक ७४०. ठाण्यात पावसाळ्याच्या रात्री एसीच्या खोलीला २१५०. म्हणजे एडमंटनच्या हिवाळ्यापेक्षा ठाण्याच्या एसीच्या भिंतीवर वाफेचा जोर जवळजवळ तिप्पट आहे. इथे या ७४० साठी बिल्डिंग कोडमध्ये पानंच्या पानं आहेत, इन्स्पेक्टर येऊन सांधे तपासतो. आपल्याकडे एसी घरोघरी आले पण भिंतीचा विचार तोच राहिला, हे मला खरंच खटकतं.

व्हिनाइलचं म्हणाल तर अमेरिकेत फ्लोरिडा आणि गल्फच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नेमका हाच प्रकार झालेला आहे, एसीच्या खोल्या, आतून व्हिनाइल वॉलपेपर, मागे गुलाबी आणि काळे डाग. तिथे दमट प्रदेशात बाहेरच्या भिंतीला आतून व्हिनाइल लावू नका असं आता सरळ सांगतात. तुमचे डाग वाचूनच ओळखलं.

आणि वाफ नुसती भिंतीच्या पोटातून जाते असंही नाही, फटीतून जी हवा वाहते ती विसरणाच्या कितीतरी पट ओल आणते. खिडकीच्या चौकटीच्या कडा, स्विचबोर्डचे पाइप, एसीच्या कॉपरच्या नळीचं भोक, हे आधी बुजवा.

मिरकरवाडा

रत्नागिरीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजला मेंटेनन्सला आहे. तुमच्याकडे रात्री एसी आणि दिवसा बंद, आमच्याकडे खोली बाराही महिने उणे १८. बाहेर तोच ३६०० चा दाब आणि आत सव्वाशे पास्कल, म्हणजे फरक जवळजवळ साडेतीन हजार आणि कधीच उलटत नाही. भिंतीत गेलेली ओल परत यायचा प्रश्नच नाही, आत गेली की बर्फ.

पफ पॅनलला (मध्ये पॉलियुरेथेन फोम असलेला पॅनल) दोन्हीकडून पत्रा असतो, पत्र्यातून वाफ जात नाही, त्यामुळे सगळा जीव सांध्यांवर. सांधा बाहेरच्या बाजूने, म्हणजे गरम बाजूने सील करायचा. आमच्याकडे एकदा आतल्या बाजूने व्यवस्थित सिलिकॉन मारलं आणि बाहेरचा सांधा तसाच राहिला, आतली बाजू बघून सगळं चकाचक दिसायचं आणि पॅनल मात्र जड होत चाललेले. उघडून बघितलं तर फोममध्ये बर्फ. पफची उष्णतावाहकता ०.०२३ वगैरे असते आणि बर्फाची २.२, शंभरपट. एकदा ओल शिरली की इन्सुलेशन राहत नाही, कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो आणि बिल वाढतं.

फरशीचं तर अजून अवघड. खालची जमीन गोठली तर त्यात ओल ओढली जाऊन बर्फाचे थर होतात आणि फरशी वर उचलली जाते. म्हणून फ्रीझरच्या फरशीखाली हीटरच्या वायरी नाहीतर हवेचे पाइप घालतात. बाहेरच्या लोकांना पटत नाही की उणे अठराच्या खोलीखाली हीटर असतो.

चिरेबंदी

देवगडहून. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, जुना भाग चुन्याचा गिलावा. एका खोलीला एसी लावताना आतून सिमेंट प्लास्टर करून ऑइल पेंट दिला, त्याच खोलीत पोपडे येतात, बाकी घरात नाही. चिरा तर पाणी पितोच. आता कळलं. ऑइल पेंट खरवडून चुना लावला तर चालेल का?

गिलावा

चालेल, आणि तेच करा. चिऱ्याला ओल यायला आणि जायला दोन्हीकडे वाट हवी असते. ऑइल पेंटच्या मागे वाफेबरोबर क्षारही येऊन बसतात, लोणा लागतो, पोपडे त्यानेच पडतात. पण सिमेंट प्लास्टर ढिलं झालं असेल तेवढंच काढा, सगळं ठोकून काढलंत तर चिऱ्याच्या कडा जातील. आणि एसीची खोली म्हणून भिंतीला बाहेरून पावसापासून वाचवणं जास्त महत्त्वाचं, पडवी किंवा पत्र्याची झाप पुढे घेता आली तर बघा.

पश्चिमभिंत

ठीक, मग क्रम सांगा. वॉलपेपर आत्ता काढू की भिंत सुकल्यावर? बाहेरच्या रंगाचं काय? सोसायटीला काय सांगू? ते म्हणतील नुकताच रंग दिलाय.

गिलावा

वॉलपेपर आजच काढा, पूर्ण. तो असेपर्यंत भिंत आतल्या बाजूला सुकूच शकत नाही. काढताना मास्क लावा, खिडकी उघडी, आणि खोलीचा दरवाजा बंद, बुरशीची धूळ घरभर नको. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

मग बाहेरचे तडे. छज्जाच्या वरचा आणि खिडकीच्या कडेचा तडा व्ही आकारात उघडून लवचिक सीलंटने भरायचा, नुसता वरून रंग नको, उन्हाने तडा रोज थोडा उघडतो आणि मिटतो. सोसायटीला सांगा की सगळा रंग काढायचा नाही, एवढी दुरुस्ती करायची. पुढच्या वेळी रंग घेताना त्याच्या डेटाशीटमध्ये वाफ किती जाऊ देतो तो आकडा विचारा, नुसतं "वॉटरप्रूफ" वर जाऊ नका. पाणी अडवणारा आणि वाफ सोडणारा असे रंग मिळतात. आणि मारायचा तो एप्रिल-मेमध्ये, भिंत आधीच सुकलेली असताना. पावसाळा संपताच ओल्या भिंतीवर मारतात तेव्हा पाणी आत बंद होतं.

भिंत आतून उघडी झाली की डिसेंबर ते मार्च तुमचे सुकवायचे महिने. तेव्हा बाहेरची हवा कोरडी, एसी जवळजवळ बंद, म्हणजे वाफेला दोन्हीकडून वाट. दुपारी पश्चिमेचं ऊन तेव्हा खरंच तुमच्या कामाचं, कारण तोच जोर आता आत येऊन हवेत निघून जाईल, खिडकी उघडी ठेवली की झालं. हीटर किंवा हॅलोजन लावून आतून भिंत भाजू नका, त्याने आतला पृष्ठभाग गरम होतो आणि वाफ भिंतीच्या पोटात मागे ढकलली जाते, शिवाय क्षार एकदम वर येऊन प्लास्टर सुटतं.

सुकली का ते बघायला अॅल्युमिनियमच्या फॉइलचा फूटभर चौकोन चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दोन-तीन दिवस राहू दे. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर भिंतीत अजून पाणी आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ते खोलीतल्या हवेचं आहे. बहिणीलाही कपाटामागच्या भिंतीवर हेच करायला सांगा, तिथे बहुतेक खोलीकडच्या बाजूलाच मिळेल.

कोरडी झाली की साधी पुट्टी आणि वाफ सोडणारा पाण्याचा रंग, चुना दिलात तर उत्तमच. ऑइल पेंट, पीव्हीसी पॅनल, थ्रीडी फोमच्या शीट हे त्या भिंतीवर काही नको, आणि पलंगाची पाठ भिंतीला टेकवू नका.

पश्चिमभिंत

वॉलपेपर काढायला घेतला. खिडकीच्या बाजूची पट्टी मागून पूर्ण काळी आहे, पलंगामागे तर प्लास्टर बोटाने निघतंय. तेवढा पट्टा ठोकून नवीन करावा लागेल ना? आणि तो सिमेंटचाच करू की चुना मिसळून?

गिलावा

बोटाने निघतंय तेवढं ठोकून काढा, विटेपर्यंत, आणि वीट उघडीच राहू दे महिनाभर तरी. उघडी वीट प्लास्टरपेक्षा लवकर सुकते. मग एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग धुतलेली वाळू. समुद्राची किंवा खाडीची वाळू असेल तर परत पाठवा, क्षार असतात. नवीन प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचंच, भिंत ओली होईल म्हणून घाबरून ते टाळू नका, ते पाणी निघून जातं. त्या दिवसांत खोलीत एसी बंद ठेवा.